तुमच्या वतीनं बोलणारा कागद

घट बसले की सकाळच्या वर्तमानपत्राचं वजन वाढतं. घडी उलगडावी तर आतून रंगीबेरंगी कागद घरंगळत भुईवर येतात. साड्यांचा सेल, शिकवणीचे वर्ग, गुडघेदुखीचं शिबिर, आणि त्यातच कुणा गृहिणीनं हौसेनं छापून घेतलेलं दिवाळी फराळाचं पत्रक. चहाचा कप रिकामा होईपर्यंत यातलं बहुतेक सगळं रद्दीच्या गठ्ठ्यावर गेलेलं असतं. एखादं मात्र फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाखाली जाऊन बसतं, आणि दिवाळी होईपर्यंत तिथंच राहतं.

रद्दीत गेलेलं पत्रक हलक्या कागदावरचं असतं असं समजू नका. पुष्कळदा तेच जास्त खर्चाचं असतं. गुळगुळीत कागद, चार रंग, कोपऱ्यात समई, वर लक्ष्मीचं चित्र. आणि मजकूर काय? ‘सुवर्णसंधी! सुवर्णसंधी! आमचे येथे दिवाळी फराळाचे सर्व पदार्थ, भाजण्या, मसाले, लोणची इत्यादी घरगुती, रुचकर, दर्जेदार व माफक दरात ऑर्डरप्रमाणे करून मिळतील. एकदा अवश्य भेट द्या.’

आता हाच मजकूर, पिठाचे हात पुसत उभी असलेली एखादी गृहिणी वाचते आहे असं समजा. तिला चकल्या हव्यात. तिच्या मनात येतं, माफक म्हणजे किती? किलोचा दर की डझनाचा? तेल कुठलं? आज सांगितलं तर कधी मिळेल? घरपोच की आणायला जायचं? यातल्या एकाही प्रश्नाला त्या कागदावर उत्तर नाही. खाली फोन नंबर आहे, पण ती फोन करत नाही. का करत नाही, हे आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहे. दर विचारला आणि तो न परवडणारा निघाला, तर ‘नको’ म्हणायचं कसं? समोरची बाई मुलाच्या वर्गातल्या मुलाची आई असायची, नाहीतर भिशीतली कुणी. त्यापेक्षा विचारूच नये हे बरं.

आणि हा संकोच एकतर्फी नसतो. फराळ करणारीलाही तोंडानं दर सांगताना जीभ जड होते. ‘अगं, तुझ्याकडून काय घ्यायचं?’ हे वाक्य सवयीनं बाहेर पडतं आणि मग पाव किलो चिवडा असाच जातो. दिवाळी संपल्यावर हिशेब मांडला तर डाळी, पोहे, तेल, गॅस यांचे पैसे कसेबसे निघालेले, आणि महिनाभर रात्री बारा-बारापर्यंत उभं राहिल्याची मजुरी शून्य! घरगुती उद्योग बंद पडतात ते पदार्थ बिघडतात म्हणून फार कमी वेळा. ओळखीच्या माणसांकडे पैसे मागवत नाहीत, म्हणून ते बंद पडतात.

माहितीपत्रकाचं खरं काम इथं आहे. तुम्हाला जे तोंडानं बोलवत नाही ते त्यानं तुमच्या वतीनं बोलायचं, आणि घेणारीला जे विचारवत नाही त्याचं उत्तर तिनं न विचारता द्यायचं. रंग, कागद, नक्षी हा सगळा विचार त्यानंतरचा.

आधी मजकूर लिहा

छापखान्यात जाण्याआधी वहीचं एक पान घ्या आणि गिऱ्हाइकाचे प्रश्न लिहून काढा. तुम्हाला काय सांगायचं आहे ते नको, तिला काय विचारायचं आहे ते. गेल्या वर्षी ज्यांनी तुमच्याकडून काही घेतलं असेल त्यांनी फोनवर किंवा दारात काय विचारलं होतं, ते आठवा. दहा-बारा प्रश्न सहज निघतील. त्यांची उत्तरं म्हणजेच तुमचा मजकूर.

नमुन्यादाखल वरच्याच पत्रकाचा मजकूर बदलून पाहू. आकडे फक्त उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

‘चकली (भाजणीची) : अर्धा किलो २६० रु., सुमारे २५ नग. पोह्यांचा पातळ चिवडा : अर्धा किलो २२० रु. बेसनाचे लाडू (साजूक तुपातले) : १२ नग ३०० रु. सर्व तळण शेंगदाणा तेलात. मागणी नोंदवण्याची शेवटची तारीख अमुक. पदार्थ वसुबारसेपासून मिळतील. मागणी देताना निम्मी रक्कम आगाऊ. शहरात ५०० रुपयांच्या वरच्या मागणीला घरपोच, त्याखाली ३० रु. फोन सकाळी १० ते १, सायंकाळी ४ ते ७.’

यात कौतुकाचं एकही विशेषण नाही. ‘रुचकर’ नाही, ‘दर्जेदार’ नाही. तरी वाचणारीला निर्णय घेता येतो. हो म्हणायचं तर फोन करायचा, परवडत नसेल तर कागद बाजूला ठेवायचा. कुणाचंच मन मोडत नाही.

‘सुमारे २५ नग’ हे शब्द वाया गेलेले नाहीत. किलोचा अंदाज दुकानदाराला असतो, आपण घरात नगावर हिशेब करतो. पाच माणसं, चार दिवस, आले-गेले पाहुणे, म्हणजे किती चकल्या? कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नं (१९७०) घराघरात जागा मिळवली, त्यात वाटी आणि चमचा या आपल्या हाताशी असलेल्या मापांचा वाटा मोठा आहे. तीच युक्ती इथं वापरा. तुमच्या अर्ध्या किलोत चकल्या किती बसतात, लाडू किती बसतात, हे एकदा तराजू घेऊन मोजा आणि मग छापा. अंदाजानं छापलेला आकडा दोननं कमी भरला तरी बोलणी तुम्हालाच बसतील.

पदार्थाचं नाव पुरं लिहा. नुसतं ‘भाजणी’ लिहिलं तर ती थालीपिठाची, चकलीची की उपासाची? मसाल्यांचा घोळ तर याहून मोठा. पुण्याकडच्या कित्येक घरांत गोड्या मसाल्यालाच काळा मसाला म्हणतात, आणि सोलापूरकडे काळा मसाला म्हटला की झणझणीत तिखट. कोल्हापूर-सातारकडची सून कांदा-लसूण मसाला शोधत असते. बदल्यांमुळे आता एकाच इमारतीत चार जिल्ह्यांच्या बायका राहतात. म्हणून नावापुढे अर्धी ओळ खर्च करा : ‘गोडा मसाला : धने, खोबरं, तीळ, दगडफूल घातलेला, आमटी-भाजीसाठी, तिखट नाही’. थोडे शब्द जास्त गेले, पण परत आलेलं पाकीट वाचलं.

शेंगदाणे, तीळ, दूध, गहू कशाकशात आहेत हे आवर्जून लिहा. काही मुलांना दाण्यांची ॲलर्जी असते आणि ती जिवावर बेतू शकते. तळण कशात, तूप साजूक की वनस्पती, हेही स्पष्ट हवं. वनस्पती तूप वापरत असाल तर तसंच छापा आणि दर त्याप्रमाणे लावा. त्यात कमीपणा नाही. लपवलेलं मात्र पहिल्या घासाला कळतं.

दर छापावा की नाही?

हा प्रश्न हमखास येतो. तेलाचे भाव आज एक, महिन्यानं दुसरे, मग छापून अडकायचं कशाला? म्हणून पुष्कळ जणी ‘दरासाठी संपर्क साधा’ असं छापतात. माझ्या मते हे तीन शब्द म्हणजे दाराला आतून लावलेली कडी आहे. भाव वाढण्याची भीती वाटत असेल तर ‘हे दर अमुक तारखेपर्यंत नोंदवलेल्या मागणीला लागू’ अशी एक ओळ घाला. तुमचीही सोय झाली, आणि तारीख दिसल्यावर गिऱ्हाईकही लवकर हलतं. दुसरा मार्ग असा : कायमची माहिती असलेलं चांगलं पत्रक वर्षभर पुरेल इतकं छापून घ्यावं आणि दरांचा साधा एकरंगी कागद दर हंगामाला वेगळा काढून त्यात सारावा. वर्षभर भाजण्या-मसाले विकणाऱ्यांना हा दुसरा मार्ग स्वस्त पडतो.

दर ठरवताना मालाच्या किमतीत गॅस, वीज, पाकिटं, चिकटपट्टी, पोचवण्याचं पेट्रोल आणि तुमचे तास धरा. तासांचे पैसे धरायला आपण बायका विसरतो. की लाजतो?

नात्यातल्या लोकांचं काय, हेही छापण्याआधी ठरवून टाका. जावेला, नणंदेला, शेजारणीला सवलत द्यायची असेल तर ती सगळ्यांना मिळेल अशा रूपात छापा : ‘२ किलोच्या वर मागणीस १० टक्के सूट’. मग कुणी ‘आम्हाला काय कमी करशील?’ म्हटलं की कागदाकडे बोट दाखवता येतं. छापलेल्या अक्षराशी सहसा कुणी घासाघीस करत नाही, हा अनुभव तुम्ही दुकानात स्वतः घेतलेलाच आहे. आगाऊ रकमेचंही तसंच. तोंडानं मागितली तर अविश्वास वाटतो, छापलेली असली की तो नियम होतो.

कायद्याच्या चार गोष्टी

‘आम्ही घरीच करतो, आम्हाला कसला परवाना?’ असं म्हणून चालत नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनाही नोंदणी करावी लागते. अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि १४ आकडी क्रमांक मिळतो. तो पत्रकावर छापा. कायद्याचा भाग सोडला तरी अनोळखी गिऱ्हाइकाचा अर्धा विश्वास त्या क्रमांकानं बसतो. पाकिटावर मात्र याखेरीज घटक पदार्थ, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, सर्व करांसहित किंमत, नाव-पत्ता आणि शाकाहारासाठी हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका हे सगळं लागतं. पत्रकावरचा दर आणि पाकिटावरची किंमत जुळली पाहिजे. पाकिटावरच्या छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत.

आणि गुणवर्णनाला आवर घाला. नाचणी सत्त्वाच्या पत्रकावर ‘मधुमेह बरा होतो’, मेथीच्या लाडवांच्या पत्रकावर ‘सांधेदुखी कायमची जाते’ असं बिनधास्त छापलेलं दिसतं. लिहिणारीच्या मनात वाईट काही नसतं, तिच्या आजीनंच ते सांगितलेलं असतं. पण मधुमेहासारखे रोग बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि अन्न सुरक्षा कायद्यात फसव्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘शुद्ध’, ‘अस्सल’, ‘पारंपरिक’ हे शब्द कुठं वापरावेत यालाही २०१८ च्या नियमांनी अटी घातल्या आहेत. ‘नाचणी भाजून, दळून, वस्त्रगाळ केलेली’ एवढं लिहा. वाचणारी बाई सत्त्व कशासाठी घ्यायचं ते जाणते.

कागद, घडी, अक्षर

आता आकाराचा विचार. दोन घड्या घालून सहा पानं होतात ते पत्रक दिसायला ऐटबाज, पण पाच-सात पदार्थ विकणारीला त्याची गरज नसते. इतकी जागा भरायची म्हणून मग ‘आमची परंपरा’, ‘आमचे ध्येय’ असली भरताड येते. नेहमीच्या ए-४ कागदाच्या निम्मा, म्हणजे सुमारे १५ बाय २१ सेंटिमीटरचा, बिनघडीचा एक कागद पुष्कळ होतो. पुढं पदार्थ आणि दर, मागं मागणीचा तक्ता. वीस-पंचवीस वस्तू असतील किंवा वर्षभर वापरायचं असेल तरच घडीच्या पत्रकाकडे वळा.

घडीचं करायचं ठरलंच, तर आधी घरी कोऱ्या ए-४ कागदाची घडी घालून बघा. कागद आडवा धरला की २९.७ सेंटिमीटर रुंद भरतो. त्याचे तीन सारखे भाग केले तर आत दुमडलं जाणारं पान अडतं आणि कागद फुगतो. म्हणून १०, १० आणि आतलं ९.७ अशी विभागणी करतात. त्या कोऱ्या घडीवर पेन्सिलीनं पानांचे क्रमांक टाका : हातात आल्यावर पहिलं काय दिसतं, उघडल्यावर दुसरं काय. उजवीकडचं दुमडलेलं पान उघडता क्षणीच दिसतं, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही आणि तिथंच पत्ता किंवा नियम जाऊन बसतात. तिथं सगळ्यात खपाऊ पदार्थ हवा. ही घडी छापखान्यात सोबत न्या. मजकूर मांडणाऱ्या मुलाला तोंडानं समजावण्यापेक्षा ती दाखवणं सोपं.

कागदाची जाडी जीएसएममध्ये सांगतात. म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. फोटो चांगले उठायला हवेत तर १३० जीएसएमचा गुळगुळीत आर्ट पेपर घेतात. पण त्याची एक खोड आहे. त्यावर बॉलपेन नीट उमटत नाही आणि शाई फिसकटते. मागच्या बाजूला मागणीचा तक्ता भरायला देणार असाल तर साधा मॅपलिथो कागद, ८० ते १०० जीएसएमचा, जास्त कामाचा. शिवाय तो स्वस्तही असतो.

अक्षरांबाबत एकच हट्ट धरा, ती मोठी हवीत. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, त्यामुळे त्याच मापात आपलं अक्षर इंग्रजीपेक्षा बारीक दिसतं. १२ पॉइंटच्या खाली जाऊ नका. फराळाची ऑर्डर देण्याचा निर्णय पुष्कळ घरांत सासूबाई घेतात, आणि त्यांचा चष्मा नेहमी दुसऱ्या खोलीत असतो. लाल पट्ट्यावर पांढरी बारीक अक्षरं तर टाळाच. छपाईत शाई थोडी पसरते आणि अनुस्वार बुजतो. पिवळी अक्षरं पांढऱ्यावर दिसतच नाहीत. फोन नंबर मात्र इंग्रजी आकड्यांत छापावा हे बरं. मोबाइलवर तेच आकडे असतात, आणि नातवंडांना नंबर लावायला सांगितलं तर देवनागरी एक आणि नऊ यांत त्यांचा गोंधळ होतो.

देवादिकांची चित्रं पत्रकावर नकोत, असं माझं स्पष्ट मत आहे. हा कागद जिन्यात पडणार, पायाखाली येणार, त्यात कुणी चटणीची पुडी बांधणार. भाविक मनाला ते खुपतं, आणि नकळत राग तुमच्यावर निघतो.

फोटो घालायचा तर तुमच्याच पदार्थाचा घाला. इंटरनेटवरून उचललेला फोटो दुसऱ्या कुणाच्या मालकीचा असतो, ही एक अडचण. दुसरी अशी की त्यातली चकली यंत्रानं पाडलेली, काटेकोर; तुमची हातानं पाडलेली. पाकीट उघडल्यावर गिऱ्हाईक दोन्ही ताडून बघणार! सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश न लावता फोटो काढा. स्टीलचं ताट चकाकतं आणि त्यात काढणाऱ्याचीच सावली दिसते, त्यापेक्षा साधी मातीची थाळी किंवा केळीचं पान बरं. फोटो छापखान्याला व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नेहमीसारखा पाठवला तर तो आक्रसतो आणि छापल्यावर धुरकट दिसतो.

छापखान्यात

ऑफसेट छपाईत प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट करावी लागते. चार रंगांना चार, आणि दोन्ही बाजू रंगीत असल्या की दुप्पट. हा खर्च ५०० प्रती काढा की २००० काढा, तेवढाच. पुढं वाढतो तो मुख्यतः कागदाचा. म्हणून जास्त प्रतींना दर प्रत स्वस्त पडते आणि ‘ताई, दोन हजारच घ्या’ असं छापखानेवाले सांगतात. त्यांचं गणित बरोबर असतं, पण तुमची शेगडी एकच आहे. दोन हजार घरांतून शंभर मागण्या आल्या तर त्या पुऱ्या कोण करणार? पहिल्या वर्षी शे-दोनशे प्रती डिजिटल छपाईवर काढाव्यात. तिथं प्लेट नसते, प्रतीमागे पैसे, हव्या तेवढ्याच प्रती. नाहीतर एकाच रंगात, रंगीत कागदावर ऑफसेट. फिक्या पिवळ्या कागदावर गडद तपकिरी शाई छान घरगुती दिसते आणि प्लेट एकाच रंगाची लागते.

प्रूफ तपासायला कंटाळू नका. मोबाइलवर टंकलेला मराठी मजकूर छापखान्याच्या जुन्या फाँटमध्ये घेताना जोडाक्षरं तुटतात. ‘पुऱ्या’मधला र, ‘चकल्या’मधला ल्य यांची हमखास वाट लागते. मजकूर एकदा तुम्ही वाचा आणि एकदा ज्यानं तो लिहिला नाही अशा माणसाला वाचायला द्या. लिहिणाऱ्याचे डोळे चूक आपोआप दुरुस्त करून वाचतात. आकडे तर मोठ्यानं वाचायचे. आणि छापलेला फोन नंबर, प्रूफ हातात धरून, एक-एक आकडा बघत, प्रत्यक्ष लावायचा. घरातला फोन वाजला तरच सही करायची.

पैसे भरण्याचा क्यूआर चौकोन छापणार असाल तर तो निदान दोन सेंटिमीटरचा असावा, भोवती पांढरी जागा असावी आणि घडीवर येऊ नये. प्रूफवरच दोन वेगवेगळ्या मोबाइलवर तो चालतो का बघा, आणि नाव कुणाचं दिसतं तेही. खातं यजमानांचं असेल तर ‘पैसे यांच्या नावे जातील’ असं खाली छापावं. नाहीतर दर वेळी खुलासा करत बसावं लागतं.

हेच पत्रक मैत्रिणींना मोबाइलवर पाठवायचं असेल तर छापील कागदाचा फोटो काढून पाठवू नका, अक्षरं वाचता येत नाहीत. पदार्थ, दर, शेवटची तारीख आणि नंबर एवढंच घेऊन मोठ्या अक्षरांचं एक उभं पान वेगळं करवून घ्या.

केव्हा आणि कुठं वाटायचं

दसऱ्यापासून लक्ष्मीपूजन साधारण २० दिवसांवर असतं. पत्रक घटस्थापनेच्या आसपास घरात पडलं तर गृहिणी फराळाचा बेत करत असते. दसऱ्यानंतर पडलं तर तिनं पोहे आणि डाळ्या आणून ठेवलेल्या असतात. तेव्हा मजकूर गणपतीतच लिहून ठेवावा. पितृपक्षात नवं काम नको वाटत असेल, तर त्याआधीच छापून घेऊन मग वाटायला काढायला हरकत नाही.

पेपरवाल्याकडून घालून घेतलं की एका सकाळी काम होतं, पण तिथं तुमच्या कागदाला सेलच्या चार कागदांची सोबत असते. ओळखीच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यापाशी ठेवलेली पन्नास पत्रकं याहून जास्त काम करतात असा माझा समज आहे, कारण तिथं येणारी बाई त्याच वेळी डाळीचा भाव ऐकत असते. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले, ती आजची लिज्जत. त्यांचे पहिले पापडही भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या दुकानातूनच विकले गेले. दुकानदाराला विचारून, जमल्यास एक पाकीट चवीला देऊन, पत्रकं ठेवा.

समज खरा की खोटा हे पडताळण्याची सोपी युक्ती आहे. वाटण्याआधी पत्रकांच्या कोपऱ्यात स्केचपेनानं ठिपके द्या. पेपरातून जाणाऱ्यांना निळा, किराणा दुकानातल्यांना तांबडा, महिला मंडळात वाटलेल्यांना हिरवा. मागणी घेताना विचारायचं, ‘कागदावर ठिपका कुठल्या रंगाचा आहे हो?’ आणि वहीत लिहून ठेवायचं. पुढच्या वर्षी पेपरवाल्याला पैसे द्यायचे की नाही हे ती वही सांगेल.

आता फोन. आपला रोजचा नंबर छापण्याऐवजी उद्योगासाठी वेगळं सिमकार्ड घेणं शहाणपणाचं. दारोदार वाटलेल्या कागदावरचा नंबर कुणाच्याही हाती पडतो, आणि नको त्या वेळी नको ते फोन येऊ शकतात. दिवसभर घरात एकट्या असाल तर घराचा पूर्ण पत्ता छापण्याऐवजी भागाचं नाव आणि जवळची खूण पुरे, पूर्ण पत्ता मागणी नोंदवल्यावर कळवता येतो. पाकिटावर तो असतोच. वेळ छापली असेल तर त्या वेळेबाहेर फोन न उचलण्याचा अधिकार तुम्हाला आहे. दुपारची तासभराची झोप त्यात धरा.

छापून आलेल्या गठ्ठ्यातली एक प्रत फोनजवळ भिंतीला चिकटवा. तुम्ही कढईपाशी असताना फोन मुलगा उचलेल, यजमान उचलतील, सासूबाई उचलतील. प्रत्येकानं तोच दर, तीच तारीख आणि तीच आगाऊ रक्कम सांगितली पाहिजे. कुणी ‘बघू, करू काहीतरी कमी’ म्हणायच्या आत समोरचा कागद दिसला पाहिजे. शेजारी दोऱ्याला बांधलेलं पेन आणि मागणीची वही : नाव, पदार्थ, वजन, आगाऊ किती, कधी हवं, आणि शेवटच्या रकान्यात ठिपक्याचा रंग.